चाळीस यंत्रांसाठी साचा नको, घडी हवी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका तरुण डिप्लोमा इंजिनिअरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "काका, घरच्या बागायतीसाठी काजूचे बोंडू चिरडायचं यंत्र बनवलं. एक एचपीची मोटर, दोन रोलर, खाली ट्रे. एमएस (साध्या पोलादाच्या) अँगलची फ्रेम, एमएस शीटचा हॉपर (बोंडू ओतायचं तोंड) आणि ट्रे, वरून पावडर कोटिंग. या हंगामात दोन महिने चाललं. पण रस काळपट यायला लागला, फ्रेम थरथरते आणि मे महिन्यात मोटरच्या प्लेटच्या वेल्डला तडा गेला. तरी शेजारपाजारचे लोक मागतायत. पुढच्या हंगामाला चाळीस यंत्रं द्यायचा विचार आहे. कोणी सांगतं प्लास्टिकचा साचा काढ, कोणी सांगतं अ‍ॅल्युमिनियम कास्टिंग कर, कोणी सांगतं सगळंच जाड एसएस म्हणजे स्टेनलेस स्टीलमध्ये कर. काय करू?"

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मी २६ वर्षं अशीच कामं करतोय. दहा नग, तीस नग, फार तर शंभर. म्हणून तुझा प्रश्न मला अगदी घरचा वाटला. तुला मिळालेले तिन्ही सल्ले चाळीस नगांसाठी चुकीचे आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. का ते सांगतो, आणि मी काय केलं असतं तेही.

आधी रस काळा का झाला ते. बोंडूत टॅनिन भरपूर असतं, घशाला लागणारा तुरटपणा त्याचाच. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळं संयुग तयार होतं. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी लिहायची शाई करायचे, तीच ही गोष्ट. तुझ्या ट्रेमध्ये नकळत शाई बनत होती. रस आंबट असल्यामुळे लोखंड विरघळायला मदतच होते. नीरो म्हणून प्यायचा असो की आंबवून भट्टीला लावायचा असो, असा रस कोणी घेणार नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या मालाला आपल्या यंत्राने डाग लावायचा नाही, एवढं तरी आपण पाळलंच पाहिजे.

तू म्हणशील, पावडर कोटिंग केलं होतं, मग लोखंड रसात उतरलं कुठून? कडांमधून. तुझा हॉपर आता पालथा घाल आणि लेझरने कापलेली कड नखाने खरवडून बघ. एमएस शीट बहुतेक ठिकाणी ऑक्सिजनवर कापतात. त्यात कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा पातळ, करडा थर राहतो. कोटिंग त्या थराला चिकटतं, पण तो थरच लोखंडाला नीट धरून नसतो. शिवाय धारदार कडेवर पावडर मुळातच पातळ बसते. मग पहिल्या पावसात कडेला केसाएवढी तांबूस रेघ दिसते, दुसऱ्या पावसात कोटिंग पापडासारखं सुटतं. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि चार महिने भिंतीसुद्धा ओल सोडत नाहीत. फ्रेमच्या भागांना कोटिंग करायचंच असेल तर कड घासून, ऑक्साइड काढून, धार मोडून मगच पाठव. किंवा कापतानाच नायट्रोजनवर कापून घे. थोडं महाग पडतं, पण दिलेलं यंत्र वर्षभरात परत दारात येण्यापेक्षा स्वस्त.

म्हणून यंत्राचे दोन भाग मनात वेगळे कर: ओला आणि कोरडा. हॉपर, रोलर, ट्रे, रसाची तोटी हा ओला भाग. तो पूर्ण एसएस ३०४ (स्टेनलेसची एक जात). फ्रेम, मोटरची बैठक, गार्ड हा कोरडा भाग. तो एमएसच असू दे. यंत्र शेवटी करंझोळच्या किंवा सुर्लाच्या वाडीत जाणार. तिथे फ्रेमचा पाय वाकला तर गावातल्या फॅब्रिकेटरला साध्या आर्क मशीनवर तो नीट करता आला पाहिजे. सगळं एसएस केलंस तर त्याला आर्गॉन वायूवर वेल्ड करणारा शोधत वाळपई किंवा फोंडा गाठावा लागेल, तेही नेमकं हंगामाच्या मध्यावर, बोंडू झाडाखाली कुजत असताना. पैसा रस लागतो तिथे घाल, दुरुस्तीची सोय भार येतो तिथे ठेव.

जिथे एसएसचा ट्रे एमएसच्या फ्रेमवर बसतो तिथे मध्ये रबराची पट्टी दे. दोन वेगळे धातू आणि मध्ये आंबट ओल आली की एमएस भराभर गंजतं. रबरामुळे तेही टळतं आणि ट्रेचा खडखडाटही जातो.

आता ३०४ विकत घेण्याबद्दल, कारण इथे मी स्वतः फसलोय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या एका स्वयंपाकघरासाठी मी टेबलं आणि सिंक केले. शीट ३०४ म्हणून घेतली, चुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही, खूश झालो. जुलैमध्ये मालकाचा फोन आला. जाऊन बघतो तर वेल्डच्या दोन्ही बाजूंना चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. शीट २०२ निघाली. २०२ मध्ये निकेल कमी करून त्याजागी मँगनीज घातलेलं असतं, त्यामुळे ती स्वस्त असते, आणि चुंबक तिलाही चिकटत नाही. म्हणजे चुंबकाची परीक्षा इथे निकामी. तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडत नाही: हीट नंबर (शीट ज्या वितळीतून आली तिचा क्रमांक) असलेलं टेस्ट सर्टिफिकेट, आणि तपासणीच्या द्रावणाचा थेंब. मँगनीज जास्त असलेल्या शीटवर त्या थेंबाचा रंग बदलतो. छोटी बाटली मिळते, फार महाग नाही. प्रत्येक शीटवर एक थेंब टाकायचा, दुकानदार ओळखीचा असला तरी.

३१६ घ्यावी का? तिच्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या हवेत ती जास्त टिकते. तुझी यंत्रं सत्तरी, डिचोली, सांगे भागात जाणार असतील तर ३०४ पुरे. काणकोण किंवा पेडण्यात अगदी समुद्राजवळ कोणी मागितलं तर त्याला ३१६ सुचव किंवा रोज गोड्या पाण्याने धुवायला सांग.

एसएसचं वेल्डिंग करताना एमएसवर वापरलेली वायर ब्रश आणि ग्राइंडरची चकती जवळही आणू नकोस. लोखंडाचे कण एसएसमध्ये रुततात आणि ते गंजले की लोक म्हणतात एसएस गंजलं. वेल्डभोवतीचा निळा-सोनेरी रंग दिसायला छान वाटतो, पण तिथला संरक्षक थर बिघडलेला असतो. पिकलिंग पेस्टने तो रंग काढून स्वच्छ धुवावा लागतो. त्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. जाड हातमोजे, चष्मा, मोकळी हवा याशिवाय कोणालाही ते काम देऊ नकोस, पोराला तर नाहीच. आतले जोड सलग वेल्डचे हवेत. शीटवर शीट ठेवून ठिपके मारलेस तर त्या फटीत रस शिरतो, आंबतो, आणि धुवूनही वास जात नाही. कोपऱ्यात बोट फिरवल्यावर बोट अडलं नाही पाहिजे.

आता साच्याचा विचार. प्लास्टिक इंजेक्शनचा साचा किती सुंदर माल देतो हे मला माहीत आहे. पण हिशोब कर. धर की साच्याला सहा लाख लागले. चाळीस नगांवर वाटले तर एका हॉपरमागे पंधरा हजार फक्त साच्याचे, अजून प्लास्टिकचा दाणाही पडलेला नाही. आणि एवढ्या मोठ्या हॉपरचा साचा याहून महागच पडेल. त्याहून मोठी अडचण अशी की साचा काढल्यावर तू बदल करू शकत नाहीस. तुझं यंत्र एकच हंगाम चाललंय, अजून ते शिकतंय. पहिल्या दहा ग्राहकांकडून कळेल की हॉपर दोन इंच रुंद हवा होता. शीटमध्ये तो बदल म्हणजे ड्रॉइंगवरचा एक आकडा, साच्यात तो बदल म्हणजे पुन्हा लाखभर.

अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगला लाकडी पॅटर्न लागतो, तो परवडतो. बेळगाव-कोल्हापूरच्या फाउंड्र्या आपल्याला जवळ आहेत आणि मी बेअरिंगचे ब्रॅकेट, पुली, पायाचे तळवे तिथून बिडात ओतून आणतो. पण ओल्या भागात अ‍ॅल्युमिनियम नको. आंबट रस त्याला हळूहळू खातो, आणि कोणी भांडी धुवायच्या कॉस्टिक सोड्याने धुतलं तर एका हंगामात पृष्ठभाग खडबडीत होतो. त्या खडबडीतपणात उरलेला रस निघत नाही.

कमी नगांत साचा न काढता उत्तम वस्तू करता येते याचं आपल्या गोव्यातलं मला आवडणारं उदाहरण म्हणजे दिवाडी बेटावरच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली 'म्हादेई'. ५६ फुटांची शिडाची नौका, लाकडाचा गाभा आणि दोन्ही अंगांना फायबरग्लास. २००९ साली ती नौदलात आली आणि त्याच वर्षी कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. २०१० मध्ये ते परतले. पुढे २०१७ मध्ये तिची बहीण 'तारिणी' आली. तुझ्या कामासाठी त्यात शिकण्यासारखं आहे ते हे: फायबरग्लासचे दोन पातळ थर गाभ्याने एकमेकांपासून दूर ठेवले की वजन फारसं न वाढता ताठपणा कितीतरी वाढतो. ताठपणा जाडीतून विकत घेता येतो तसा अंतरातूनही मिळतो, आणि अंतर फुकट असतं.

शीटमध्ये हेच काम घडी करते. तुझ्या हॉपरची एक बाजू घे, ३०० मिलिमीटर रुंद. साधी सपाट १.५ मिलिमीटरची शीट थरथरते म्हणून कोणी २ मिलिमीटर घ्यायला सांगेल. वाकण्याला विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे तो सुमारे २.४ पट होईल आणि वजन व पैसा एक तृतीयांशाने वाढेल. आता दुसरा मार्ग. तीच १.५ची शीट, पण दोन्ही कडांना २५ मिलिमीटरची काटकोनी घडी. वजन वाढलं सुमारे १७ टक्के. ताठपणा कागदावर सुमारे १८० पट. पातळ शीट प्रत्यक्षात थोडी फुगते, घडी थोडी तिरकी होते, म्हणून निम्मा धर, तरी नव्वद पट. हा आकडा मी नवीन मुलांना पहिल्याच दिवशी वहीत मांडायला लावतो. एकदा स्वतः मांडला की ते जाड शीट मागायला येत नाहीत.

फ्रेमचंही तसंच. तू ४०×४०×५चा अँगल वापरलास, मीटरला सुमारे तीन किलो. त्याऐवजी ४०×४०×२चा चौकोनी पाइप घे, मीटरला सुमारे २.४ किलो. वाकण्यात तो अँगलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त ताठ, आणि पिळवटण्यात तर जवळजवळ ३५ पट. तुझी फ्रेम थरथरते त्यात पिळवटणं मोठं आहे, कारण बेल्ट एका बाजूला ओढतो. बंद पाइप आपल्याकडे आतून गंजतो ही भीती खरी आहे. एक तर टोकं पूर्ण वेल्डने बंद कर, नाहीतर प्रत्येक पायाला तळाशी पाणी निघायला भोक ठेव. अर्धवट बंद पाइप सगळ्यात वाईट. गॅल्व्हनाइझिंगला पाठवणार असलास तर हवेची भोकं विसरू नकोस, बंद पाइप गरम जस्तात फुटतो आणि माणसं भाजतात.

आणि चौकटीला तिरकी, म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारा तिरपा आधार, दे. नुसत्या चार पायांची चौकट जुन्या खाटेसारखी झुलते, पाइप कितीही जाड घे. मागे आणि दोन्ही बाजूंना १.२ मिलिमीटरची शीट बोल्टने घट्ट बसवलीस तर तीच तिरकीचं काम करते आणि बेल्टचा गार्डही होते.

आता तडा. याच्यावर मला जास्त बोलायचंय, कारण तू तो वरून पुन्हा वेल्ड मारून बंद करणार अशी मला शंका आहे. तसं करू नकोस, आधी तो वाच. डाय पेनिट्रंटचा (तडे दाखवणाऱ्या रंगाचा) तीन डब्यांचा संच आण. जागा पुसून कोरडी कर, लाल द्रव फवार, दहा मिनिटं थांब, पुसून काढ, मग पांढरा डेव्हलपर मार. थोड्या वेळात पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, अगदी कुंकवाची काडी ओढल्यासारखी. ती कुठून सुरू होते ते भिंगातून बघ. मला जवळजवळ खात्री आहे की ती वेल्डच्या मधोमध नसून वेल्ड जिथे संपला त्या टोकाशी, प्लेटच्या कोपऱ्यावर असेल. आपले वेल्डर कोपऱ्यापर्यंत येतात आणि तिथेच रॉड उचलतात. तिथे छोटा खळगा राहतो, आणि बरोबर तिथेच ताण सगळ्यात जास्त असतो.

ही थकव्याची मोड आहे, एकदम जोर लागून झालेली नाही. तुझी मोटर मिनिटाला १,४४० फेरे घेते. दिवसाला आठ तास धरले तर ६,९१,२००, आणि साठ दिवसांच्या हंगामात चार कोटींहून जास्त. पुली जरा जरी असंतुलित असली तरी तेवढ्या वेळा ती प्लेट वरखाली होते. आपल्या साध्या आयएस २०६२ पोलादाची कायमचं वाकण्याची मर्यादा चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन आहे, म्हणून लोक त्याच्या भरवशावर राहतात. पण वीस लाख फेऱ्यांना साध्या फिलेट (कोपऱ्यात भरलेल्या) वेल्डच्या टोकाशी बदलता ताण साधारण ६० ते ८० न्यूटनपर्यंतच चालतो, नीट न भिनलेल्या वेल्डच्या मुळाशी त्याच्याही निम्मा. आणि महाग, जास्त ताकदीचं पोलाद आणलं तरी हा आकडा वाढत नाही, कारण तडा पोलादाच्या ताकदीतून न येता वेल्डच्या आकारातून येतो. म्हणून 'चांगलं मटेरियल घाल' हा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

उपाय असा. मोटरची प्लेट वेल्ड करूच नकोस. ४ मिलिमीटरची, दोन बाजूंनी घडी घातलेली प्लेट कर आणि चार बोल्टनी फ्रेमवर बसव. नायलॉक (थरथरीने न सुटणारे) नट घाल. बोल्टची भोकं लांबट ठेवलीस तर बेल्टचा ताण लावायचीही सोय झाली. फ्रेमवर ज्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागतील त्यांचा वेल्ड कोपऱ्यावरून वळवून पलीकडे नेऊन संपव. पुली बॅलन्स करून घे.

आणि फ्रेम मोटरच्या सुरात डोलत नाही ना हे तपास. १,४४० फेरे म्हणजे सेकंदाला २४. फ्रेमचा स्वतःचा सूर त्याच्या जवळ असेल तर थरथर कितीतरी पटीने वाढते. मोजायला मोठं यंत्र लागत नाही. मोबाइलवर कंपन मोजायचं अ‍ॅप घे, फोन फ्रेमला टेपने घट्ट चिकटव, मोटर बंद ठेवून रबरी हातोडीने एक टोला मार, आलेखात शिखर कुठे येतं ते बघ. ३५-४० च्या वर आलं तर निर्धास्त. २० ते २८ मध्ये आलं तर तिरकी कमी पडतेय. हॉपर बोंडूंनी भरून पुन्हा टोला मार, कारण वजन वाढलं की सूर खाली येतो आणि रिकामं यंत्र फसवं उत्तर देतं.

रोलरच्या शाफ्टचा हिशोब चटकन सांगतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. रोलर मिनिटाला ६० फेरे फिरत असेल तर पीळ सुमारे १२० न्यूटन-मीटर. पण बोंडूबरोबर दगड किंवा बी गेली आणि रोलर अडला तर मोटर क्षणभर अडीच पट जोर काढते, म्हणजे ३०० धर. त्याला ३५ मिलिमीटरचा शाफ्ट आणि युसीपी २०७ बेअरिंग बरोबर बसतं. व्ही-बेल्ट तसाच ठेव, त्याऐवजी चेन घालू नकोस. रोलर अडल्यावर बेल्ट घसरतो म्हणून बाकीचं यंत्र वाचतं. आणि बी आत जाता कामा नये हे ग्राहकाला बजावून सांग. टरफलातलं तेल कातडी भाजणारं असतं, ते रसात उतरलं तर सगळी पिंपं वाया. बेअरिंग रसाच्या भिंतीपासून बोटभर लांब ठेव, मध्ये शाफ्टवर रबराची चकती घाल, म्हणजे शाफ्टवरून ओघळणारा रस ग्रीसमध्ये न जाता बाहेर उडेल.

प्लास्टिक तुला लागेलच, पण थोडं. रोलर खरवडायच्या पट्टीला यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन (सहज न झिजणारं प्लास्टिक) घे. बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या, नायलॉनचे करू नकोस. मी एकदा मे महिन्यात नायलॉनचे बुश नेमक्या मापात बसवून दिले आणि जुलैमध्ये सगळे शाफ्ट जाम. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. आपल्या पावसाळ्यात ते मापात राहतच नाही. अ‍ॅसिटल प्लास्टिक फार कमी पाणी घेतं, थोडा दर जास्त पडतो. थ्रीडी प्रिंट ड्रिलचे जिग (भोकाची जागा धरून ठेवणारे ठोकळे) आणि स्विचचा डबा आधी हातात धरून बघायला छान. पण त्याचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत ठेवलेला जिग वाकडा होऊन येईल.

बेंडिंगवाल्याकडे ड्रॉइंग द्यायच्या आधी एक काम स्वतः कर. ज्या शीटमध्ये माल करायचाय तिचीच बरोबर १०० मिलिमीटर लांबीची पट्टी काप आणि त्याच्याच मशीनवर, त्याच्याच डायवर (खालच्या खाचेच्या ठोकळ्यावर) मधोमध काटकोनात वाकवून घे. दोन्ही पाय बाहेरून व्हर्नियरने मोज. बेरीज १०२.७ आली तर एका घडीला २.७ वजा धरायचे. पुस्तकातला आकडा वापरू नकोस, प्रत्येक दुकानाची डाय वेगळी झिजलेली असते. चार घड्यांच्या ट्रेमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक चारदा जमते आणि झाकण बसत नाही. १.५ शीटला दहा मिलिमीटरपेक्षा छोटी घडी सांगू नकोस, आणि भोकाची कड घडीच्या वळणापासून शीटच्या जाडीच्या तिप्पट तरी लांब ठेव, नाहीतर भोक अंड्यासारखं ओढलं जातं. भागांना जीभ आणि खाच दे, म्हणजे ते एकमेकांत बसतात आणि वेल्डरला मापपट्टी धरावी लागत नाही. चाळीस नग सारखे येण्यासाठी महागड्या फिक्श्चरपेक्षा याचा जास्त उपयोग होतो. एसएसचे नट-बोल्ट अँटी-सीझ लेप लावून हाताने आवळ. कोरडे, गनने आवळले तर ते एकमेकांना असे धरतात की कापूनच काढावे लागतात.

एका गोष्टीवर मी तडजोड करत नाही. तू पाठवलेल्या फोटोत हॉपरचं तोंड उघडं आहे आणि रोलर हातभर खाली दिसतायत. अडकलेला बोंडू ढकलायला कोणीतरी हात घालणारच, बहुतेक वेळा घरातली बाईमाणसं किंवा शाळकरी मुलं. सुरक्षा-अंतराच्या आयएसओ १३८५७ या मानकात १०० मिलिमीटरपर्यंतच्या चौकोनी किंवा गोल तोंडाला ८५० मिलिमीटर अंतर सांगितलंय, म्हणजे खांद्यापर्यंत हात घातला तरी बोटं पोचत नाहीत. बोंडू १००च्या तोंडातून सहज जातो. एवढा उंच हॉपर वरून जड होतो आणि फ्रेमला जास्त हलवतो हे मला कळतं. म्हणूनच घडी आणि तिरकीवर इतकं लिहिलं. उंची नकोच असेल तर झाकण उघडताच मोटर थांबेल असा स्विच बसव, पण दोन्हीपैकी एक हवंच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि खरोखरचं अर्थिंग यंत्राच्या किमतीतच धर, ग्राहकाला ऐच्छिक म्हणून देऊ नकोस.

चाळीसही एकदम कापू नकोस. आधी तीन, वेगवेगळ्या घरी. ते जानेवारीपर्यंत तयार असले की पहिले बोंडू पिकताच चालतील. मग दहा. मार्चच्या मध्यापर्यंत जे कळेल ते उरलेल्या सत्तावीसमध्ये घाल. हे लोकांना आधी सांगितलंस तर ते थांबतात, माझा तरी अनुभव तसा आहे.

तोपर्यंत हा पावसाळा वाया घालवू नकोस. हाताच्या पंजाएवढे तुकडे काप: एक ३०४ वेल्ड केलेला आणि पिकलिंग केलेला, एक ३०४ वेल्डचा रंग तसाच ठेवलेला, एक एमएस ऑक्सिजन-कटवर कोटिंग केलेला, एक कड घासून कोटिंग केलेला. प्रत्येकाचे तीन कर. एक संच तुझ्या पडवीच्या पागोळीखाली टांग, एक किनाऱ्यावरच्या कोणा नातेवाइकाकडे दे. बोंडूचा रस आता मिळणार नाही, म्हणून तिसरा संच काचेच्या बरणीत कडक कोऱ्या चहात थोडं व्हिनेगर घालून बुडव. त्यातही टॅनिन आहे आणि आंबटपणा आहे. दर रविवारी एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढ, मागे तारीख लिहिलेला कागद ठेवून. चवथीनंतर ते फोटो आणि वाकवलेली ती १०० मिलिमीटरची पट्टी घेऊन कुंडईला ये. मग आपण हॉपरचं ड्रॉइंग एकत्र बसून पक्कं करू.